मुकादमाचा नंबर

लेकीच्या मेडिकलच्या अर्जावर मोबाइल नंबर टाकायची वेळ आली, तेव्हा शहादेवनं बिनदिक्कत मुकादमाचा नंबर सांगितला. त्यात त्याचं काय चुकलं हो? अख्खी टोळी बंकट मुकादमाचाच नंबर द्यायची. दवाखान्यात, शाळेत, अगदी सोयरिकीतसुद्धा. ऊसतोडीला जाणाऱ्याचा पत्ता म्हणजे त्याचा मुकादम.

बाकी सगळं त्यानं जिवाचं रान करून जमवलं होतं. जातपडताळणीसाठी बीडला खेटे घालून चपला झिजवल्या. लेक अयोध्या डॉक्टर व्हावी, एवढं एकच खूळ डोक्यात.

पण त्या साली दुष्काळानं कंबरडं मोडलं. बैलं चारा छावणीत गेली. बंकटनं टोळी आणतो म्हणून दोन कारखान्यांकडून आगाऊ उचल घेतली, आणि दोघं मागं लागल्यावर पठ्ठ्यानं सिमकार्डच बदललं. मेडिकलच्या प्रवेशाचा मेसेज त्या बंद नंबरावर जाऊन पडला.

वडवणीच्या बाजारात अयोध्याचे सर, विठ्ठलराव, भेटले. म्हणाले, "दुसऱ्या यादीत नाव लागलं की पोरीचं. प्रवेश घेतला ना?" शहादेवच्या पायाखालची जमीन सरकली. मुदत आदल्याच दिवशी संपली होती.

तरी बापलेक कॉलेजात गेले. खिडकीतला बाबू माणूस बरा होता, पण त्याच्या हातात काय होतं? "ती जागा आता तुमच्याच प्रवर्गातल्या पुढच्या मुलीला जाईल," म्हणाला.

"जाऊ द्या आबा," अयोध्या म्हणाली. "ती बी आपल्यासारख्याच घरची असंल." तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बापाला बरं वाटलं असतं.

दिवाळीनंतर टोळी कारखान्यावर गेली. यंदा पाचटाच्या कोपीत चुलीशेजारी अयोध्याची पुस्तकंही आली. परीक्षा परत द्यायची होती. दिवसा ती मोळ्या बांधायची. बांधता बांधता मध्येच म्हणायची, "आबा, ती पोरगी आता हाडांची नावं पाठ करत असंल." नाव-गाव माहीत नसलेल्या त्या पोरीची ती अशी रोज आठवण काढायची, आणि शहादेव खाली मान घालून कोयता चालवायचा.

त्यानं आता स्वतःचा फोन घेतला होता. नव्या अर्जावर त्याचाच नंबर होता. फोन कॅरीबॅगेत गुंडाळून, गळ्यात अडकवूनच तो ऊस तोडायचा. सांज झाली की रेंजसाठी उंच बांधावर जाऊन उभा राहायचा.

एकदा अयोध्या मागोमाग गेली. "आबा, आत्ता कशापायी बघता? अजून परीक्षाच न्हाई झाली. यादी पावसाळ्यात लागती."

"म्हाईत हाय, बाई," शहादेव म्हणाला, आणि फोन हातात धरून तिथंच खाली बसला.