अष्टमीची गोळी

मी एक जुनी पांढरी पेशी आहे. पलूसच्या अंजनाच्या रक्तात राहते. मित्रांनो, आज मी घाईने बोलते आहे. नंतर बोलायला उरेन की नाही, देवी जाणे.

माझा जन्म अंजनाच्या हाडांतल्या मगजात झाला. मग छातीतल्या एका ग्रंथीत मी शिकले, आपले कोण आणि परके कोण. माझ्या अंगावर सीडी-फोर नावाचे बारीक हात आहेत. पुस्तकात त्यांना ग्राही म्हणतात. दुसऱ्या पेशी रोगजंतूचा तुकडा आणून दाखवतात, तेव्हा याच हातांनी त्यांना धरून मी तो ओळखते आणि साऱ्यांना सावध करते. अंजनाला कांजिण्या आल्या तेव्हा अशीच हाक दिली होती.

पुढे तिच्या रक्तात एचआयव्ही आला. आत शिरायला त्याला माझे हेच हात लागतात हो! आधी तो सीडी-फोर धरतो. धरला की त्याचे रूप पालटते, मग शेजारचा दुसरा ग्राही चाचपतो. तोही सापडला की आपले आवरण माझ्या आवरणात मिसळून आत उतरतो आणि माझ्याच घरात स्वतःसारखे असंख्य घडवतो. मी कोणाला हाक मारू? हाक मारणारी मीच ना!

सांगलीच्या दवाखान्यातली रोजची गोळी सुरू झाली. ती त्याला दारात अडवत नाही, पण आत आल्यावर त्याचे काही चालू देत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंजनाताई, पेशी छान वाढल्यात हं!" आमचे असे कौतुक पहिल्यांदाच झाले.

मग नवरात्र आले. आजार आटोक्यात राहावा म्हणून अंजनाने कडक उपवास धरला, आणि गोळी फडताळात ठेवून दिली.

"अगं, गोळी?" सासू सुलाबाईंनी विचारले.

"आवं आत्याबाई, उपासाला कशी चालंल? तिच्यात काय काय असतंय, कुणाला ठावं! घट उठल्यावर घीन की."

सुलाबाईही व्रताच्या पक्क्या. त्यांनी फडताळाचे दार लावून घेतले.

घटावर रोज माळ चढत होती, मातीत धान्य उगवत होते. इकडे दडून बसलेले विषाणू बाहेर पडले. माझ्या शेजारणी एकेक करून गेल्या. आई, हिला बुद्धी दे, असा मी धावा करत राहिले.

अष्टमीला आरती म्हणता म्हणता उपवासाने थकलेली अंजना घटासमोरच कोसळली. सुलाबाईंनी तिला मांडीवर घेतले, फडताळातली गोळी काढली, पळीत तीर्थ घेतले.

"घे."

"उपास मोडंल, आत्याबाई."

"देवीच्या तीर्थानं उपास मोडतोय व्हय गं? त्याच्यासंगं जाऊ दे गोळी. का तुजं मडं निवदाला ठिवू तिच्याम्होरं?"

अंजना रडत रडत हसली. गोळी गिळली.

पण त्याआधीच इथे माझा हात धरला गेला आहे. शेजारचा दुसरा ग्राहीही सापडला आहे. मित्रांनो, हे हात मी काढून ठेवू शकत नाही. ते नसतील तर रोग ओळखू कशाने? तुमच्या घरात कोणाची रोजची गोळी असेल, तर उपवासाच्या दिवशी तीर्थ देताना तीही हातावर ठेवा. विसरू नका.

माझे आवरण विरघळू लागले आहे. गोळी निघाली आहे, वाटेत आहे.

ये गं बाई. लवकर ये.