करपलेले पाव

माझी पाव भाजायची भट्टी आहे. भट्टीच्या तोंडाशी उभं राहून गप्पा हाणायच्या, ही माझी जुनी खोड. गिऱ्हाईक आलं की माझी जीभ सुटते, अन् मागची पावांची रांग करपते. कोळसा झालेला पाव विकणार कुणाला? तो आमची ही खायची. पस्तीस वर्षं. म्हणायची, "तुमच्या बडबडीतला हा माझा वाटा."

आता तिच्या पोटात गाठ निघाली. पसरलेली.

तिच्या धाकट्या बहिणीनं इस्पितळाच्या जिन्यात मला अडवलं. "भावजी, जन्मभर करपलेलं खाऊ घातलंत हो तिला. कार्बन असतो त्यात. कॅन्सर होतो."

"कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात."

तसाच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बिचाऱ्या उभ्याउभ्याच फाईल चाळत होत्या. म्हणाल्या, "काका, जास्त भाजलं की त्यात वाईट पदार्थ तयार होतात, हे खरंय. प्राण्यांना भरपूर दिल्यावर त्रास दिसला. माणसांचं तसं पक्कं काही सापडलेलं नाही."

"म्हणजे माझ्यामुळं नाही?"

"तसंही छातीठोकपणे नाही सांगता येत."

मला हो नाहीतर नाही पाहिजे होतं. पाव आत कच्चा राहिला की नाही, ते मी बुडाला टिचकी मारून सांगतो. अन् एवढं शिकलेल्या बाईंना एवढं सांगता येईना.

तिच्या खाटेशी जाऊन बसलो.

"आज गप्प का?" ती म्हणाली. "बहीण काही बोलली वाटतं."

"ते करपलेले पाव... मी लक्ष द्यायला पाहिजे होतं गं."

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "वेडे आहात का? काळं मी खरवडून टाकायचे. आतलं पांढरं तेवढं खायचे. तुम्हाला दिसणार कसं, तुमचं तोंड बाहेर."

आमचं स्वयंपाकघर भट्टीच्या मागंच, हातभर अंतरावर. तिथली मोरी रोज मीच धुतो. पस्तीस वर्षांत तिथं काळा चुरा मी एकदाही बघितला नाही. उलट तिच्या वरच्या ओठाला लागलेलं काळं बघून, "मिशी तेवढी राहिली," म्हणून चिडवलंय कितीदा.

खोटं बोलायचं तिला कधी जमलंच नाही. आताही माझ्याकडे न बघताच बोलत होती.

"खरवडायचीस होय," मी म्हणालो. "बरं करायचीस."

"मग?"

तिला तेवढंच ऐकायचं होतं. लगेच डोळा लागला तिचा, चार दिवसांत पहिल्यांदा.