उजव्या पायाचा ब्रेक

जुन्या मोटरसायकलींच्या दुकानात पाऊल टाकल्याबरोबर दुकानदाराने मास्तरांना नमस्कार ठोकला, मास्तरांना खुर्ची दिली आणि मास्तरांनाच विचारलं, "बोला साहेब, कशी गाडी दाखवू? रोजच्या वापराला की लांबच्या पल्ल्याला?"

"मला नका विचारू," मास्तर खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले. "मी सामान आहे."

दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक चक्रम दिसतंय.

"गाडी हिला घ्यायचीय," मास्तरांनी खुलासा केला. "ही चालवणार, मी मागे बसणार. आमच्यात पहिल्यापासून तसंच आहे."

तेव्हा कुठे त्याने टेलरबाईंकडे पाहिलं. पन्नाशी ओलांडलेली बाई, केसांचा घट्ट अंबाडा, नाकावर चष्मा आणि गळ्यात मापाची टेप, घाईघाईत काढायची राहून गेलेली. ही मोटरसायकल चालवणार म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते टेलरबाईंनी वाचलं आणि सोडून दिलं. प्रत्येकाशी भांडत बसलं तर शिवायचं कधी?

चालवणं त्यांना काही नवीन नव्हतं. लग्नाआधी वडिलांची जुनी धूडासारखी मोटरसायकल त्या अशी पळवायच्या, की आवाज आला की शेजारपाजारचे लोक वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे, धूळ बसू नये म्हणून. मास्तर तेव्हा नुकतेच टायपिंगच्या क्लासात शिकवायला लागले होते. एकदा बस चुकली, समोरून ही मुलगी येताना दिसली, यांनी हात केला. आणि मागे बसल्यापासून क्लास येईपर्यंत यांच्या तोंडाची टकळी काही थांबली नाही. "खड्डा! सायकल! डावीकडून ट्रक! अहो, आजी, आजी चालल्यात!" जसं काही पुढे बसणारीला डोळेच नव्हते. घरी जाऊन तिने आईला सांगितलं, "आज एक रेडिओ पोचवून आले." पुढे त्याच रेडिओशी लग्न केलं, आता बोला!

लग्नानंतर पुष्कळ फिरले दोघं. मग एका वळणावर रेती होती. मास्तर "रेती!" म्हणाले तोवर चाक घसरलंही होतं. टेलरबाईंना साधं खरचटलं नाही, आणि मास्तरांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, बाईंचं मन काही जुळलं नाही. त्यांनी गाडी काढून टाकली आणि शिलाई मशीनवर बसल्या त्या बसल्याच.

मास्तर वीसेक वर्षं मागे लागले होते. "अगं, घे ना परत." या म्हणायच्या, "मुलगी मोठी होऊ दे." मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली, दुसऱ्या गावी गेली, आणि बाईंकडची कारणं संपली. भीती तेवढी होती तिथेच होती. हा माणूस पुन्हा आपल्या हातून पडला तर? ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, आणि मास्तरांना ते कळलं नव्हतं असंही नाही.

दुकानदाराने पहिली गाडी पुढे ओढली. लालचुटूक, आरशासारखी पुसलेली. "एका डॉक्टरची आहे ताई. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. बस्स!"

टेलरबाईंनी इंजिनाजवळ हात नेला. "गरम आहे की. आम्ही यायच्या आधीच सुरू करून ठेवलीत? थंड असली की रुसते वाटतं." मग त्यांनी सीटच्या कडेवरून बोट फिरवलं. "हे कव्हर नवं चढवलंय, शिलाई अजून मळली नाही. आणि फुटरेस्ट एकाच बाजूने घासलाय. तुमचे डॉक्टर दवाखान्यात लोळत जायचे काय हो?"

मास्तर खुर्चीत खो खो हसले. दुकानदारही ओशाळं हसला आणि त्याने गुपचूप लाल गाडी मागे ढकलली. त्यानंतर मात्र तो बाईंशीच बोलायला लागला.

दुसरी गाडी निळी होती. मधल्या वजनाची. ना पोरासोरांची फटफटी, ना रणगाडा. बाईंनी बसून पाहिलं, दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले. स्टँडवरून उतरवली, वजन झेपलं. हँडल सरळ, साखळी ताठ, इंजिन थंडगार, आणि बटण दाबल्याबरोबर शहाण्या मुलासारखं सुरू झालं. मास्तर मागे चढून बसले. सीट रुंद, मऊ, मागे धरायला कडी. उभा जन्म टायपिंगच्या खुर्चीत काढून त्यांच्या पाठीचं पार भजं झालं होतं, त्यामुळे बसायच्या जागेतलं त्यांना फार कळायचं.

"दिवाणखाना आहे गं!" ते म्हणाले.

"उतरा आता. आधी मी एकटी चक्कर मारून बघते."

दुकानामागे मोठं मोकळं आवार होतं. निघण्याआधी दुकानदाराने बजावलं, "ताई, गिअर डाव्या पायाला, ब्रेक उजव्या पायाला." बाईंनी मान डोलावली. पहिल्या फेरीत त्या जरा अवघडून बसल्या होत्या. दुसऱ्या फेरीत खांदे सैल झाले, वारा चष्म्याच्या आत शिरला आणि त्यांना इतका आनंद झाला, इतका, की आपण एवढी वर्षं याच्याविना काढलीच कशी हे त्यांना कळेना.

तेवढ्यात रचलेल्या टायरांमागून एक कुत्रा आडवा आला.

बाईंचा डावा पाय खाली गेला. जीव खाऊन दाबला त्यांनी तो. वडिलांच्या गाडीला ब्रेक डाव्या पायाला होता, उजव्याला गिअर, तेव्हाच्या कितीतरी गाड्यांचं तसंच असायचं. त्यात भर म्हणजे विजेवरच्या शिलाई मशीनचा पायटा उजव्या पायाखाली, दाबला की शिलाई पळते. म्हणजे उजवा पाय चालवायला आणि डावा थांबवायला, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. दुकानदाराचं सांगणं डोक्यात शिरलं होतं, पायांपर्यंत उतरलं नव्हतं. गाडीने थांबण्याऐवजी गिअर बदलला, हिसका दिला आणि जाऊन टायरांच्या ढिगात तोंड खुपसलं. कुत्रा केव्हाच पसार झाला होता.

मास्तर धापा टाकत आले. "लागलं का? अगं, लागलं का कुठे?"

"मला काय होतंय!" बाईंचा आवाज कापत होता. "मला कधी काही होतं का? तुम्ही मागे बसला असतात तर?"

गाडीला काही झालं नव्हतं. पण बाईंनी किल्ली दुकानदाराच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "चला घरी."

दुकानदार माणूस वाईट नव्हता. त्याने आतल्या कोपऱ्यातून एक जुनी काळी गाडी बाहेर काढली. "ताई, ही बघा. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. तुमच्या पायांच्या ओळखीची."

बाई बसल्या, आणि माहेरी आल्यासारखं झालं. दोन फेऱ्या मारल्या, चार वेळा ब्रेक लावला, पाय कुठेही अडखळला नाही. मग मास्तर मागे चढले. त्या गाडीची मागची सीट म्हणजे पाटाएवढी फळी आणि तिच्यावर नावाला रेक्झिन. गाडी आवारातल्या पहिल्याच खाचेतून गेली आणि मास्तरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांनी खोकला म्हणून खपवला.

"झकास आहे," ते म्हणाले. खोटं बोलले की त्यांचे कान लाल व्हायचे. या वेळी टोमॅटो झाले होते.

"खरं सांगा."

"अगं, माझं काय घेऊन बसलीस? तुझे पाय हिला ओळखतात, तू हीच घे. मी खिडकीतून टाटा करीन की."

टेलरबाईंना त्यांचा भयंकर राग आला. खिडकीतून टाटा म्हणे! "आणि मी जाऊ कुठे एकटी? कुणाचं मेलं काय अडलंय माझ्यावाचून? तुम्ही मागे नसाल तर मला मोटरसायकल हवीय कशाला?"

दुकानदाराला एकदम आत काहीतरी काम आठवलं.

मास्तरांनी चष्मा पुसला, परत घातला. "मग निळी," ते म्हणाले.

"आणि हे पाय?"

"पायांचं काय? बोटांसारखेच ते. आमच्या क्लासात येतात ना दोन बोटांनी बडवणारे, जन्मभर तसंच केलेले. त्यांची सवय मोडायला गेलं तर मोडत नाही. तिच्यावर नवी चढवायची. रोज, न कंटाळता. तुला शिकवायचं राहिलंच होतं माझं."

"मला शिकवणार? तुम्ही? स्वतःला सायकल धड येत नाही!"

"येत नाही म्हणूनच शिकवता येतं," मास्तर म्हणाले, आणि दुकानदाराला निळी गाडी राखून ठेवायला सांगून आले.

दुसऱ्या दिवसापासून घरात जो तमाशा सुरू झाला तो काही विचारू नका. मास्तरांनी पहिलं काम केलं ते म्हणजे शिलाई मशीनचा पायटा उचलून डाव्या पायाखाली ठेवला. "आजपासून चालवायचं डाव्याने. उजवा फक्त थांबायला." उजव्या पायासमोर लाकडाचा एक ठोकळा ठेवला. आणि मग मनात येईल तेव्हा, वेळकाळ न बघता, ते ओरडायचे, "कुत्रा!"

की बाईंनी उजवा पाय दाबायचा.

सुरुवातीला डावाच पळायचा. पडद्यांच्या शिवणी वेड्यावाकड्या झाल्या, एका शर्टाची बाही उलटी लागली. बाई चिडून म्हणायच्या, "गिऱ्हाइकं पळाली की कळेल!" मास्तर तेवढ्यापुरते गप्प बसायचे आणि पाठ वळली की, "कुत्रा!" भाजी चिरताना कुत्रा. जेवताना कुत्रा. फोनवर मुलीशी बोलताना कुत्रा, तर मुलगी तिकडून विचारते, "आई, कुत्रा पाळलात?"

"कसला कुत्रा, तुझे बाबाच पाळलेत," बाई म्हणाल्या.

एकदा कोटाचं माप द्यायला वकील आले होते. बाई त्यांच्यापुढे उभ्या राहून खांदा मोजतायत आणि आतून हाक आली, "कुत्रा!" बाईंचा उजवा पाय वकिलांच्या बुटावर असा बसला, की तो गृहस्थ कळवळून खालीच बसला. बाईंनी तोंडभरून माफी मागितली. पण मनातून मात्र हरखल्या होत्या. डावा पाय जागचा हलला नव्हता! आत जाऊन त्यांनी मास्तरांना आधी झापलं आणि मग गोड चहा करून दिला.

गाडी घरी आली. बाईंनी ती आधी घरापुढच्या अंगणात चालवली, मग पहाटे मोकळ्या रस्त्यावर, एकटीनेच. मास्तर फाटकाशी उभे राहायचे. "बसू का आज?" असं विचारायचे. "उद्या," त्या म्हणायच्या. रोजचा उद्या. मास्तरांनी कधी तोंड वाकडं केलं नाही.

मग एका रविवारी सकाळी बाई गाडी पुसत असताना मास्तर आतून हेल्मेट घालूनच आले. पट्टा उलटा लावला होता. बाईंनी तो नीट करून दिला आणि नीट करता करता म्हणाल्या, "बसा."

मास्तर चढले. त्यांचा हात खांद्यावर पडला तशी बाईंनी हँडल घट्ट धरलं. गाडी निघाली. गल्ली संपली, शाळेची भिंत मागे पडली, रस्ता रुंद झाला. बाई कान देऊन वाट बघत होत्या, आता खड्डा येईल, आता सायकल येईल. मागून चकार शब्द नाही. रेडिओ बंद! यांना बरं वाटत नाहीये की काय? पाठ धरली का? बाईंना घाम फुटला. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं.

आणि एका बंगल्याच्या फाटकातून तपकिरी रंगाचं कुत्रं थेट रस्त्यावर आलं.

कुणी हाक दिली नाही. बाईंचा उजवा पाय आपणहून खाली गेला, उजव्या हाताने पुढचा ब्रेक ओढला, डाव्याने क्लच. डावा पाय होता तिथेच शहाण्यासारखा राहिला. गाडी सरळ रेषेत थांबली. कुत्र्याने दोघांकडे बघितलं, शेपूट हलवलं आणि गेलं आपल्या वाटेने.

बाईंनी पाय टेकले. "बघितलंत?" त्या जवळजवळ ओरडल्याच. "अहो, बघितलंत का?"

"काय?" मागून शांत आवाज आला.

"काय म्हणजे? कुत्रा!"

"कुठला कुत्रा?"

बाईंनी मान वळवली. मास्तरांनी हेल्मेटची काच वर केली. उन्हात आल्यासारखे डोळे किलकिले करून ते आजूबाजूला बघत होते.

"डोळे मिटून बसला होतात?" बाईंना खरंच वाटेना. "एवढी भीती वाटत होती तर बोलायचं ना!"

"भीती कसली?" मास्तर म्हणाले. "भीती वाटायची तेव्हा टक्क उघडे असायचे. म्हणून तर एवढं ओरडायचो. आज म्हटलं, चालवतेय ना ही. बसावं आपलं वारा खात."

टेलरबाईंना रडू आलं. भर रस्त्यात, हेल्मेटच्या आत, चष्म्याच्या काचा धूसर होईपर्यंत रडू आलं, आणि डोळे पुसायला हात आत जाईना. मास्तरांनी मागून खांद्यावर हलकेच थोपटलं.

"निघायचं का गं?"

"निघायचं," बाई म्हणाल्या. "पण कडी धरा. आणि डोळे मिटा हवे तर, झोपू मात्र नका."

मग त्यांनी डाव्या पायाने पहिला गिअर टाकला.