बाईंच्या गाडीवरचे दोन पट्टे

आप्पांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण मोजमापाच्या भानगडीत कधी पडले नाहीत. ज्याला डोळे नाहीत त्यानं मोजावं, असं ते ऐटीत सांगत. पुढे रंग मागे पडला, चिकटवायचं व्हिनाइल आलं, तरी बापलेकीच्या दुकानात कायदा तोच राहिला: पट्टा नजरेनं लावायचा.

म्हणून लेक चहा घेऊन आत आली आणि आप्पा लाल स्पोर्ट्स कारच्या बॉनेटवर वाकून चक्क टेपनं मोजताना दिसले, तेव्हा ती दारातच थबकली. चाहूल लागताच आप्पांनी टेप खिशात कोंबला.

"बाई मोजून घेणार म्हणाल्यात," ते म्हणाले.

बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. गुडघ्यांमुळे त्यांना या बुटक्या गाडीत बसायला दोन मिनिटं लागत आणि उतरायला चार, पण हौस दांडगी. नाकापासून डिकीपर्यंत दोन पांढरे पट्टे हवेत, म्हणाल्या होत्या.

लेकीला सहा महिन्यांपासून संशय होता. आप्पा भरदिवसा दिवा लावत, पेपर हातभर लांब धरून वाचत. डॉक्टरचं नाव काढलं की यांना हमखास बाहेरचं काम आठवे. आणि आता हा टेप.

आप्पांनी खुणेसाठी लावलेल्या कागदी चिकटपट्टीकडे तिनं दारातून पाहिलं. "आप्पा, रेघ उजवीकडे गेलीय."

"बरोब्बर मधोमध आहे. दोन्हीकडे सारखंच अंतर!"

तिनं उजव्या मडगार्डवरून हात फिरवला. "हे नंतर बसवलंय. इकडून गाडीच फुगलीय. टेपला मधोमध वाटेल, पण बघणाऱ्याला वाकडंच दिसणार. तुम्हाला नाही दिसत?"

विचारलं आणि तिची तिलाच जीभ चावावीशी वाटली. आप्पा डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले. त्यांना काही दिसलं नाही. मग त्यांनी ती चिकटपट्टी स्वतःच उपटली.

"तू दारात उभी राहून सांग. मी लावतो."

साबणाचं पाणी फवारून झालं. मागचा कागद सोलून आप्पांनी पट्टा त्या पाण्यावर अलगद टेकवला. "डावीकडे. अजून जरासं. बास, थांबा!" ती सांगत होती, पट्टा सरकत होता. मग रबरी पट्टीनं आप्पांनी मधलं पाणी कडेला असं काही ढकललं की बुडबुडा औषधाला उरला नाही. हातात अजून तीच जादू होती. दुसरा पट्टा लावताना तर स्वारी शीळ घालायला लागली, आणि लेकीलाही किती दिवसांनी मोकळं वाटलं.

चार वाजता बाई आल्या. पर्समधून फूटपट्टी काढून त्यांनी मोजलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "उजवीकडे बोटभर जास्त आहे."

लेक मडगार्डचं सांगायला पुढे झाली, पण आप्पांनी तिला हातानं थांबवलं.

"बाई, मीही मोजलं होतं. मला आता धड दिसत नाही, म्हणून मोजलं." गिऱ्हाइकासमोर हे बोलताना त्यांनी खिशातला टेप काढून बाजूला ठेवला. "माझ्या हिशोबानं लावलं असतं तर तुमची गाडी जन्मभर तिरकी दिसली असती. हिला दिसतं. तुम्ही चार पावलं मागे जाऊन बघा."

लेकीनं फडकं उचललं आणि कोरडंच बॉनेट पुसायला लागली. तिचे डोळे भरून आले होते.

बाई मागे गेल्या. आधी एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. "अगदी सरळ आहे हो," त्या हरखून म्हणाल्या आणि लगेच गाडीत बसण्याच्या खटपटीला लागल्या.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा लेक म्हणाली, "उद्या जायचं डोळ्यांच्या डॉक्टरकडे?"

"उद्या कशाला?" आप्पांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. "आत्ताच चल. मी मागे बसतो."