दगडांखालची नांट

मी एक जुनी नदी आहे. मित्रांनो, स्वतःला नदी म्हणताना मला जरा संकोचच वाटतो, कारण माझी सारी लांबी जेमतेम साडेचार मैल. सकाळी निघालात तर मला उगमापासून संगमापर्यंत बघून जेवायला घरी पोचाल. पण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, पाटीच्या दगडाच्या डोंगरात माझा जन्म झाला आणि एके काळी माझा तोरा काही औरच होता.

माझे नाव नांट. दीडशे वर्षांपूर्वी वेल्स नावाच्या देशातून खाणकामगार इथे आले. त्यांच्या भाषेत नांट म्हणजे ओढा. घरची आठवण अनावर झाली की ते माझ्या काठी बसत आणि गावाकडच्या ओढ्याचे वर्णन करत. कुठे पूल, कुठे डोह, कुठे कपडे धुवायचा धोंडा. मी वेल्स कधीच पाहिले नाही, पण ऐकून ऐकून मला वाटू लागले, की आपली एक थोरली बहीण तिकडे आहे.

मग त्यांनी मला कामाला जुंपले. माझ्या पाण्यावर मोठी लाकडी चाके फिरू लागली आणि त्या चाकांवर करवती. करवतीने काळ्या दगडाचे ठोकळे कापत. छिन्नी लावून लाकडी हातोड्याने हलकेच ठोकले की दगडाचे पापुद्रे सुटत. त्यांची घरांवर छपरे चढली, शाळांच्या भिंतींवर काळे फळे लागले, आणि लाकडी चौकटीत बसवून मुलांच्या पाट्या झाल्या. हजारो मुलांनी ज्या दगडावर पहिले अक्षर गिरवले, तो मी धुतलेला होता. माझे पाणी तेव्हा राखेसारखे करडे असे. मासे मला सोडून गेले. खोटे कशाला बोलू, मला त्याचे फारसे वाईट वाटले नाही. सगळे गाव माझ्यावर जगत होते आणि मी त्या मोठेपणात मश्गूल होते.

पुढे मुलांच्या हाती वह्या आल्या, घरांना स्वस्त छपरे आली आणि खाणी एकेक करून बंद पडल्या. जाताना माझ्याकडे वळून कोणी पाहिले नाही. एका वर्षी बर्फ वितळताना काठावरचा, खाणीतून फेकलेल्या दगडी कपच्यांचा भलामोठा ढीग माझ्या अंगावर कोसळला. तेव्हापासून उन्हाळ्यात मी त्या कपच्यांच्या खालून वाहते. वरून बघणाऱ्याला नुसते दगड दिसतात. मग काय, लोकांनी टायर आणून टाकले, कोणी वॉशिंग मशीनही टाकले. नव्या नकाशात माझ्या जागी ‘पावसाळी गटार’ असे लिहिले गेले. मला नावाने हाक मारणारी एकच बाई उरली, ऐंशी वर्षांची ग्वेन. तिचे पणजोबा माझ्या काठी पाट्या घडवत.

दोन हजार एक साली शेजारी नवी घरे झाली आणि न्यू जर्सीला बसने नोकरीला जाणारी भारतीय मंडळी राहायला आली. त्यात शोभना होती आणि तिची आठ वर्षांची लेक नेत्रा. नेत्राने माझ्या पात्रातून एक चपटी कपची उचलून नेली. त्या दसऱ्याला शोभनाने त्या कपचीवर खडूने सरस्वती काढून लेकीकडून पूजा करवली. कित्येक वर्षांनी माझी एक पाटी झाली होती.

पुढच्या वर्षी गावाने ठरवले, की मला पाइपात घालायचे आणि वर दुकानांचे पार्किंग करायचे. वर्षभर वाहणाऱ्या पाण्याला पाइपात घालता येत नाही, असा गावाचा नियम होता, पण मी तर गटार. ग्वेनने हरकत घेतली. पाहणीसाठी अधिकारी आला तो नेमका इकडच्या भर उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, आणि त्या वर्षी दुष्काळ. त्याने कपच्यांवरून फेरी मारली, बुटांवरची धूळ झटकली आणि ग्वेनला सौम्यपणे म्हणाला, "मॅडम, इथे पाणी नाही." मी खालून जीव तोडून वाहत होते, पण ऐकणार कोण?

पाहणी बघायला जमलेल्या गर्दीत शोभना उभी होती, ऑफिसच्या कपड्यांत.

"नेत्रा, माझी बॅग धर. आणि वॉच पण."

"मॉम, व्हॉट आर यू डूइंग? एव्हरीवन इज लुकिंग."

"बघू देत." ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी कपच्या बाजूला सारू लागली. "आमच्याकडे याला झिरा म्हणतात. नदी आटली, की असं खणून पाणी भरायचं. तुझ्याएवढी असताना रोज करायचे मी."

"यू सेड यू आर फ्रॉम पुणे."

"पुण्याला नंतर गेले, शिकायला. गाव बीडकडे." ही गोष्ट तिने इथे कोणालाच सांगितली नव्हती.

कोपरभर खोल गेल्यावर दगड ओले लागले. मग तळाशी पाणी जमले, आधी गढूळ, मग नितळ. अधिकारी म्हणाला, की खड्ड्यात पाणी साचले म्हणून नदी होत नाही. शोभनाने एक वाळके पान पाण्यावर सोडले. पान हलले, एका बाजूला सरकले आणि कपच्यांखाली दिसेनासे झाले.

"साचलेलं नाही. जातंय," ती इंग्रजीत म्हणाली.

त्याने स्वतः दुसरे पान सोडून पाहिले. मग तिसरे. मग वही काढली आणि ग्वेनला विचारले, "या प्रवाहाला नाव आहे का?"

"नांट," ग्वेन म्हणाली आणि रडू लागली. मलाही रडू आले, पण नदीचे रडणे कोणाला दिसणार?

पाइपाचा बेत बारगळला. लोकांनी माझ्यातले टायर काढले. वॉशिंग मशीन खालच्या डोहात अजून आहे, पण आता त्यात मासे राहतात. शोभनाने त्या दिवशी जाताना झिऱ्यावर एक सपाट लादी ठेवली, पाण्यात घाण पडू नये म्हणून. तिच्या गावची तशी रीत.

आता दोन हजार आठ साल आहे. ग्वेनला जाऊन दोन हिवाळे झाले. तिची मला रोज आठवण येते. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. एखादी नदी कोरडी दिसली तर तिला गटार म्हणण्याआधी गुडघे टेकून हातभर खणून बघा. नेत्रा बघते. ती आता पंधरा वर्षांची आहे. दर ऑगस्टमध्ये ती एकटीच येते, लादी उचलते, एक पान सोडते आणि ते जाईपर्यंत थांबते. मग ग्वेन म्हणायची तसेच ‘नांट’ म्हणते आणि लादी पुन्हा नीट ठेवते.