दोन कागदांमधले पान

मी एक जुने पान आहे. पान म्हटल्याबरोबर निपाणीचा माणूस तंबाखूचे पान समजतो आणि नुकताच जेवून उठलेला माणूस विड्याचे. मी या दोहोंपैकी नाही. मी संगणकाच्या स्मृतीतले एक पान आहे. माझ्यावर मोजून चार हजार शहाण्णव खुणा मावतात. त्याहून एक जास्त मागाल तर शेजारच्या पानाकडे जावे लागते.

मित्रांनो, माझा मुक्काम निपाणीतच आहे. अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तके छापणारा एक लहानसा छापखाना येथे आहे. त्यातल्या ब्रेल यंत्राला कागदावर उठावाची टिंबे पाडता येतात, आणि कोणते टिंब कुठे पाडायचे हे त्याला एक संगणक सांगतो. त्या संगणकात मी राहतो. वीज गेली की मी सगळे विसरतो, मग ही हकिकत मला कशी आठवते असे कृपा करून विचारू नका. आत्मवृत्त सांगणाऱ्याला एवढी सवलत असते.

आमच्यावर एका कर्नलचा अंमल चालतो. कर्नल म्हटले की बेळगावकरांच्या डोळ्यांपुढे कॅम्पातले मिशाळ साहेब उभे राहतात. हा कर्नल निराळा. संगणक सुरू झाला की सर्वांत आधी जागा होणारा आणि कोणाला किती जागा द्यायची हे ठरवणारा हा आतला कारभारी. बहुतेक पानांवर तो नुसती माहिती ठेवतो: नावे, चित्रे, मुलांच्या कविता. पण काही थोड्या पानांवर हुकूम लिहिले जातात आणि यंत्र त्या हुकुमांवरून पायरी पायरीने चालत जाते. अशा चालत्या पानांची निवड कर्नल फार जपून करतो. ती त्याच्या स्वतःच्या हुकुमांपासून जवळ असावी लागतात, कारण एका हुकुमावरून दुसऱ्यावर उडी मारताना फार लांबचा पल्ला गाठता येत नाही. मी जवळचा होतो. माझी निवड झाली यात माझे कर्तृत्व एवढेच.

निवड झाली की कर्नल आधी पानभर एकच शब्द लिहितो: थांब. वरपासून खालपर्यंत थांब, थांब, थांब. चुकून कोणी रिकाम्या जागी पाऊल टाकलेच तर ते तिथेच अडावे म्हणून. मग त्यावर खरे हुकूम चढतात. मला ही पद्धत पहिल्यापासून आवडली. आपल्याकडे नव्या घरातही इतकी दक्षता कोणी घेत नाही.

माझ्यावरचे हुकूम चिकोडीच्या कल्लाप्पा सरांनी लिहिले होते. ते तंत्रनिकेतनात शिकवायचे. ब्रेल यंत्र आले तेव्हा त्याला चालवणारा प्रोग्रॅम कोणाकडे नव्हता. सरांनी उन्हाळ्याची सुट्टी खर्ची घालून तो तयार केला आणि एक पैसा घेतला नाही. प्रोग्रॅमला चार पाने लागत. पहिल्यावर यंत्राशी बोलणे, दुसऱ्यावर मराठीचे कोष्टक, तिसऱ्यावर कानडीचे. चौथा मी. मजकूर मराठी असेल तर दुसऱ्या पानाकडे वळ आणि कानडी असेल तर तिसऱ्याकडे, हे वळण माझ्यावर होते. संगणक तेव्हा फार संथ होता. म्हणून सरांनी एक युक्ती केली. भाषा बदलली की प्रोग्रॅम माझ्यावरचा हुकूम खोडून तिथे दुसरा लिहीत असे, आणि लगेच त्यावरून चालू लागे. माझ्यावर लिहिणेही चाले आणि चालणेही. त्या वेळच्या कर्नलने त्याला हरकत घेतली नाही.

त्या युक्तीचे फार कौतुक झाले. छापखान्याच्या उद्घाटनाला सरांना शाल मिळाली. मी मनातल्या मनात त्या शालीचा चौथा हिस्सा माझा धरला होता.

छापखान्यात लतिका आक्का काम करायच्या. सातव्या वर्षी तापात त्यांची नजर गेली. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची पहिली प्रत त्या बोटांनी वाचत आणि चूक सापडली की गठ्ठा परत पाठवत. एकदा माझ्यावरचा हुकूम अर्धा लिहून झाला असतानाच यंत्र त्यावरून चालून गेले. कवितेच्या जागी नुसता टिंबांचा चिखल उठला. आक्कांनी पहिल्याच ओळीवर बोट थांबवले.

"ह्यो काय पानावर पान ठेवून छापलाय व्हय रं? काढ, परत काढ," त्या यंत्रालाच म्हणाल्या.

असे वर्षातून एकदोनदा होई. दोष कुणाचा हे कोणी शोधले नाही. मला ठाऊक होते, पण मला विचारणार कोण?

चौदा वर्षे अशी गेली. मग संगणकाची डिस्क बिघडली आणि तिच्याबरोबर जुना कर्नलही गेला. नवा बसवण्यासाठी उपासना आली. उपासना निपाणीचीच, आता बेळगावात संगणकाच्या कंपनीत कामाला. तिची आई अंजनाबाई वखारीत तंबाखूची पाने निवडायची, आणि मुलगी स्मृतीची पाने निवडते. तिने नवा कर्नल बसवला, कल्लाप्पा सरांचा जपून ठेवलेला प्रोग्रॅम त्याच्यासाठी पुन्हा बांधला, आणि यंत्र सुरू केले. मराठी धड्याचे चार कागद सुरेख उठले. मग कानडीचा पहिला धडा आला. प्रोग्रॅमने सवयीने माझ्यावर हात घातला आणि नव्या कर्नलने तो जागच्या जागी धरला.

नव्याचा कायदा कडक आहे. पानावर लिहायचे तर लिही, तोवर त्यावरून चालायचे नाही. लिहून झाले की लेखणी खाली ठेव, मग चाल. दोन्ही एकदम नाही. कारण ज्या पानावर कोणीही लिहू शकतो आणि यंत्र आंधळेपणाने चालते, त्या पानावर चोरानेही लिहावे आणि यंत्राने तेही ऐकावे. मला हा कायदा पटला. माझ्यावर चिखल कसा उठायचा ते मी पाहिले होते.

पण यंत्र बंद पडले. छापखाना चालवणाऱ्या संस्थेचे सचिव मारुतीराव निवृत्त वकील. त्यांनी शुक्रवारी दुपारी सांगून टाकले, "हे बघ उपासना, उद्या बाराला रवळू टेम्पो घेऊन येतोय भंगारासाठी. एकतीस पोरांची दुसऱ्या सत्राची पुस्तकं अडलीत. तोवर चाललं तर ठीक, न्हायतर पुस्तकं बाहेरनं मागवू."

"बाहेरनं मराठीची येत न्हाईत, आप्पा," लतिका आक्का म्हणाल्या. "आन मी काय करू मग?"

मारुतीराव जायला उठले. यंत्र गेले की तपासायला काही उरणार नव्हते, म्हणजे आक्कांचे कामही त्याच टेम्पोतून जाणार होते. जाता जाता ते उपासनाला म्हणाले, "त्यो नवा नियम बंद करून टाक की. बटण असंल काहीतरी."

"हाय, आप्पा. पण दार सताड उघडं टाकून गावाला गेल्यागत होईल. पोरांची सगळी माहिती ह्यातच हाय."

तिने दुसरे उपाय करून पाहिले. माझ्यावरचे वळण काढून तिथे साधी अट लिहिली. पण सरांचे काम एकात एक गुंतलेले. एक धागा ओढला की भलतीकडे सुटायचे. टिंबे एक घर सरकू लागली. शनिवारी दहा वाजले तरी तिच्यासमोर बिघडलेल्या कागदांचा ढीग होता आणि कपाळावर आठ्या होत्या.

लतिका आक्का शेजारी बसून जुने कागद चाळत होत्या. दुसरे काम नव्हते. एका हाताखाली मराठीची शब्दांची यादी होती, दुसऱ्याखाली कानडीची.

"त्या पानावर असं हाय तरी काय गं?" त्यांनी विचारले.

"फरक हाय, आक्का. मराठी कुठली आन कानडी कुठली, त्याचा."

"कसला फरक?"

"लिपीचा. दोन लिप्या, म्हणून दोन कोष्टकं. न्हाय का?"

आक्का हसायला लागल्या. मग त्यांनी उपासनाचा हात धरून तिचे बोट एका कागदावर ठेवले, मग दुसऱ्यावर.

"ह्ये वाच. कागद. मराठीतला. आन ह्ये कानडीतला कागद. त्यांच्यातबी कागदाला कागदच म्हणत्यात. सांग बघू कुठला कुठला."

उपासनाने डोळे मिटले. तिला ब्रेल येत नव्हते, पण टिंबे मोजता येत होती. दोन्ही शब्द टिंबाला टिंब सारखे होते.

"क त्योच, ग त्योच, द त्योच," आक्का म्हणाल्या. "बोटाला एकच लिपी हाय गं. कानडीत आखूड ए आन आखूड ओ तेवढं जादा, ते मराठीत येतच न्हाईत. मग भांडण हाय कुठं?"

"आक्का, तुम्ही ह्ये आधी कधी सांगितलं न्हाय?"

"कुणी इचारलं कधी?"

उपासनाने दोन्ही कोष्टके पडद्यावर शेजारी शेजारी लावली आणि आकडे ताडून पाहिले. ते आखूड ए आणि ओ सोडले तर तेच आकडे. तिने चिकोडीला फोन लावला.

"सर, दोन्ही कोष्टकं तुम्हीच भरलीत का?"

"न्हाय गं. मराठीचं एका मास्तरांनी दिलं, कानडीचं दुसऱ्यांनी. मी आकडं तेवढं चढवलं. का गं?"

तिने सांगितले. "मराठी-कानडी दोन पाट्या बघायची सवय गं," सर म्हणाले. "रस्त्यावर दोन, हापिसात दोन. मला वाटलं, बोटालाबी दोनच लागत्यात. चौदा वर्सं त्या वळणाचा मी अभिमान बाळगला बघ. काढ ते. निवांत काढ."

मला वाईट वाटले, हे कबूल करतो. ते वळण म्हणजेच मी होतो.

उपासनाने कानडीचे कोष्टक ठेवले, मराठीचे काढले, आणि त्यांच्यामधल्या मला काढले. आता गुंता उरलाच नाही, कारण वळायचेच नव्हते. पावणेबाराला यंत्र खडखडले. आधी मराठीचा धडा, त्याच्या पाठोपाठ कानडीचा, मध्ये न थांबता. लतिका आक्कांनी पहिली प्रत ओढून घेतली आणि बोट फिरवत राहिल्या. खाली रवळूचा टेम्पो वाजला.

"आप्पा," त्या बोट न उचलता म्हणाल्या, "रवळूला च्या द्या आन पाठवा माघारी. मला लई काम पडलंय."

मारुतीराव खाली गेले. थोड्या वेळाने टेम्पो रिकामाच गेल्याचा आवाज आला.

आता प्रोग्रॅम सुरू होताना कर्नलकडे दोनच पाने मागतो. मला कोणी बोलावत नाही. शेवटी मला परत घेताना कर्नलने माझ्यावरचे सगळे हुकूम पुसले आणि पुन्हा वरपासून खालपर्यंत लिहिले: थांब, थांब, थांब. तक्रार नाही. काम संपलेले पान तसेच भरलेले सोडणे धोक्याचे असते, आणि माझ्यावरून आता कोणी चालत नाही हेच आक्कांच्या कामासाठी चांगले झाले. तरी कधी कधी ती शाल आठवते.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या यंत्रांतल्या पानांची काळजी घ्या; लिहून झाले की लेखणी खाली ठेवा, आणि वापरून झालेले पान पुसून परत करा. आणि दोन गोष्टींमध्ये फरक आहे म्हणून माझ्यासारख्याला मध्ये बसवायचे असेल, तर आधी लतिका आक्कांना विचारा. दोन्ही कागद त्यांच्या हाताखाली ठेवा, आणि त्यांचे बोट फिरून होईपर्यंत थांबा.