गोजरबाईचा साहेब

दोन हजार तीनचा ऑगस्ट. आमच्या जालन्याच्या बियाणे कंपनीत नवं सॉफ्टवेअर आलं आणि माझ्या डोक्याला ताप झाला. मी अप्पाराव, आस्थापनेचा हेडक्लार्क. तीनशे बारा माणसांची उतरंड कॉम्प्युटरात मलाच मांडायची होती. पुण्याहून आलेल्या मॅडमनी नियम सांगितला. एका माणसाला एकच चौकट, चौकटीवर एकच साहेब.

तीनशे अकरा बसले. गोजरबाई काही बसेना.

एकोणीस वर्षं झाली तिला. सकाळी प्लॉटवर बायांना कापसाचा संकर शिकवायची, दुपारी लॅबमध्ये उगवलेले कोंब मोजायची, संध्याकाळी पॅकिंगला हात लावायची. कुणीही हाक मारावी आणि तिनं जावं.

प्लॉटच्या साहेबांकडं गेल्तो. ते म्हणाले, "बाई लाखात एक, पण ती लॅबची." लॅबचे म्हणाले, "छे, ती बिलकुल पॅकिंगची." पॅकिंगवाल्यांनी तर कागदाकडं बघितलं पण न्हाई. प्रत्येकाला आपल्याकडं माणसं कमी दाखवायची होती. असा राग आला, वाटलं तिघांना चार शब्द सुनवावेत. केलं काय, तर चहा पिऊन परत आलो.

मंग तिला माझ्याच खाली टाकलं. मॅडम म्हणाल्या, "काका, तुमची चौकट शेवटची आहे. तिच्याखाली कुणी बसत नाही."

एक दिवस गोजरबाईच टेबलाशी आली. "भाऊ, माझं नाव कुठं घातलं?"

"बसवून राह्यलो, बाई."

"दोनच वर्षं उरलीत माझी. कुठं पण कोपऱ्यात टाका, चालतंय मला."

कोपरा असता तर दिला नसता का? मोठ्या साहेबांकडं तीनदा लिहून दिलं. तिन्ही वेळा कागद 'चर्चा करू' असा शेरा घेऊन खाली आला.

एक तारखेला सॉफ्टवेअर चालू झालं. गेटवरच्या यंत्रानं तिचं कार्ड घेतलं न्हाई. वॉचमन भुजंगनं मला बोलावलं. ती डब्याची पिशवी छातीशी धरून उभी होती.

"काल तर तिघांनी हाका मारल्या मला," ती म्हणाली.

मला तिच्याकडं बघवेना. थोडा वेळ थांबली, मंग गेली. मी अडवलं न्हाई. अडवून बसवणार कुठं होतो?

चौथ्या दिवशी लॅबच्या साहेबांचा फोन आला. "अप्पाराव, नवी बाई कोंब मोजताना घोळ घालून राह्यली. गोजरबाईला जल्दी पाठवा."

"ती न्हाई आता, साहेब. यादीतच न्हाई."

"मंग घ्या की यादीत. त्यात काय एवढं?"

"त्याला तिच्या साहेबाची सही लागते."

"मंग घ्या ना त्याची सही," ते म्हणाले आणि फोन ठेवला.